विश्लेषण : दहा वर्षांचा पग किंवा पॉमेरेनियन दत्तक घ्यावा का? आधी काय तपासावे?

निवारा केंद्रातील पिल्लांना चटकन घर मिळते. तिथेच बसलेल्या दहा वर्षांच्या पॉमेरेनियनकडे मात्र फारसे कुणी वळत नाही. ‘आता किती दिवस राहणार’ आणि ‘औषधपाण्याचा खर्च किती’ या दोन प्रश्नांपाशी अनेक जण थांबतात.

ही कुत्री केंद्रात येतात कशी?

मालकाचे निधन, मुलांकडे परदेशी स्थलांतर, घरात नवे बाळ किंवा न झेपणारा उपचारखर्च ही नेहमीची कारणे. पैदाशीसाठी वापरून वय झाल्यावर सोडून दिलेल्या माद्याही असतात. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार पाळीव प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा गुन्हा आहे; पण पहिल्या गुन्ह्याचा दंड अवघा १० ते ५० रुपये आहे.

‘म्हातारे’ म्हणजे किती वर्षांचे?

ग्रेट डेनसारखे मोठे कुत्रे सहा-सात वर्षांत म्हातारे होते. पॉमेरेनियन, शिह त्झू, डॅशहुंड साधारण दहाव्या वर्षी ज्येष्ठ ठरतात आणि त्यांतली अनेक १४-१५ वर्षे जगतात. म्हणजे दहा वर्षांच्या कुत्र्यासोबत चार-पाच वर्षे मिळू शकतात. मात्र केंद्रात सांगितलेले वय बहुधा अंदाजाने ठरवलेले असते, हे लक्षात ठेवावे.

कोणते आजार पाहावेत?

लहान जातींत हिरड्या सुजणे हे सर्रास आढळते. दात साफ करण्यासाठी भूल द्यावी लागते, म्हणून आधी रक्ततपासणी आणि हृदयाची तपासणी हवी. हृदयाची झडप गळू लागणे हाही या जातींचा नेहमीचा आजार. तो बरा होत नाही, पण रोजच्या गोळ्यांनी बराच काळ आटोक्यात राहतो. झोपेत मिनिटाला ३० हून अधिक श्वास सतत मोजले गेले, तर लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे.

पॉमेरेनियनची श्वासनलिका कमकुवत असते; गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, म्हणजे हार्नेस, वापरावा. डॅशहुंडला सोफ्यावरून उड्या मारू देऊ नयेत, मणक्याला धोका असतो. पगला उन्हाळा सोसत नाही. निर्बीजीकरण न झालेल्या मादीचे स्तन आणि गर्भाशय तपासून घ्यावे. गोचीड तापाची चाचणीही करावी.

खर्चाचे गणित कसे मांडावे?

लसीकरण, दर सहा महिन्यांनी तपासणी, दातांचा एक मोठा खर्च आणि कदाचित कायमची औषधे, असा हिशेब आधीच करावा. विमा कंपन्या नव्या पॉलिसीला वयाची अट घालतात, त्यामुळे विम्यावर विसंबू नये. दुखतेय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये. ती जीवघेणी ठरू शकते.

घरात रुळायला किती वेळ?

पहिले तीन दिवस भेदरलेले, तीन आठवड्यांत घरची शिस्त कळलेली, तीन महिन्यांत रुळलेले, असा ढोबळ ठोकताळा सांगितला जातो. सुरुवातीला खाणे कमी होऊ शकते. मात्र दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना विचारावे. नजर अधू असेल तर फर्निचर आणि पाण्याचे भांडे जागचे हलवू नये. गुळगुळीत फरशीवर चटई टाकावी.

हे कुणाला जमेल?

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना, निवृत्त जोडप्यांना असे कुत्रे सोयीचे पडते. पिल्लासारखा धुडगूस नसतो, स्वभाव ठरलेला असतो आणि छोटा फेरफटका पुरतो. खात्री नसेल तर काही संस्था आधी तात्पुरता सांभाळ करू देतात.

घरात सगळेच वयस्कर असतील, तर आपण आजारी पडल्यास कुत्र्याला कोण नेईल हे आधी ठरवावे. त्या व्यक्तीचा होकार घेऊन तिचा फोन नंबर दत्तकपत्रात लिहावा. एकदा घर सुटलेल्या जनावरावर म्हातारपणी पुन्हा तीच वेळ येऊ नये.