शेतकऱ्यांसाठी पॉडकास्ट : स्वरूप कोणते घ्यावे?

शेतीविषयक कार्यक्रम ऐकावयाचा तर पूर्वी ठराविक वेळी रेडिओजवळ हजर असावे लागे. आता मोबाइलवर उतरवून घेतलेला कार्यक्रम गाईची धार काढताना, रात्री पाणी देताना अगर बाजाराच्या वाटेवर, केव्हाही ऐकता येतो. यालाच पॉडकास्ट म्हणतात. बरा मोबाइल व शांत खोली एवढ्या साधनांवर तो तयार होत असल्याने ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व शेतकरी गटांनाही हे काम अंगावर घेणे शक्य झाले आहे. तथापि विषय ठरला की तयारी संपली, असे बहुधा समजले जाते. त्या विषयाचे भाषण करावे, मुलाखत घ्यावी, चर्चा ठेवावी की नाटिका करावी, याचा विचार मागे राहतो आणि सोपे म्हणून भाषण उरकले जाते.

स्वरूपाचा हा प्रश्न नवीन नाही व त्याचे एक मोठे उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. १९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. सुमारे १५० गावांत मंडळे स्थापन झाली आणि आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा एक, असे २० कार्यक्रम त्यांच्यासाठी प्रक्षेपित झाले. कार्यक्रम संपला की मंडळी त्यावर आपसांत चर्चा करीत, आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत आणि त्यांची उत्तरे पुढील प्रक्षेपणात दिली जात. या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत झाली. नुसता रेडिओ असलेल्या आणि रेडिओही नसलेल्या गावांशी तुलना करता, श्रोतृमंडळाच्या गावांतील लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ झाल्याचे आढळले. रेडिओ दोन्हीकडे होता. फरक पडला तो ऐकणाऱ्यास बोलावयास मिळाल्यामुळे. म्हणून पॉडकास्टचे स्वरूप कोणतेही असो, मागील भागावर आलेल्या प्रश्नांना त्यात जागा राखून ठेवलीच पाहिजे.

यापुढे एकच कसोटी लावावी. कार्यक्रम ऐकून शेतकऱ्याने दुसऱ्या दिवशी नेमके काय करावयाचे आहे?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात दररोज ८ पतंग सापडले, किंवा १० टक्के फुले अगर बोंडे किडलेली आढळली, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली असे समजून उपाय योजावा. यात चार आकडे आहेत व एकही विसरून चालत नाही. ही शिफारस वीस मिनिटांच्या भाषणात घातली तर भाषण लक्षात राहते, आकडे राहत नाहीत. येथे दोघांचा संवाद उत्तम. मात्र प्रश्न विचारणारा खरा कास्तकार असावा. "साहेब, सापळ्यात पाखरं दिसून राहिली, आता फवारा मारावा काय?" असे त्याने विचारले की "किती दिसली? किती दिवस?" हा उलट प्रश्न आपोआप येतो आणि ८ व ३ हे आकडे ऐकणाऱ्याच्या मनात आपल्या जागी बसतात. शेवटी तेच आकडे एकट्या आवाजात, सावकाश, पुन्हा एकदा सांगावेत. प्रश्न लिहून देऊन ते वाचावयास लावू नयेत; वाचलेला प्रश्न ऐकणाऱ्यास लगेच ओळखू येतो.

काही विषयांत माहिती असते, पण वागणूक बदलत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. तोंडाला फडके बांधावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, हात धुतल्यावाचून तंबाखू मळू नये, या सूचना औषधाच्या डब्याबरोबर मिळतातच. तरीही उन्हात, डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत, रोजंदारीवर काम करणाऱ्यास त्या जाचक वाटतात. त्याला पुन्हा सूचनाच ऐकविल्या तर तो मोबाइल बंद करील. येथे नाटिका हवी. मालक घाई करतो, मजूर हातमोज्यांना हसतो, घरची बाई दोघांनाही चार शब्द सुनावते, अशी घरातली बोलाचाली ऐकताना शेतकरी आपल्याच वागणुकीकडे पाहू लागतो.

इंग्लंडात हे फार पूर्वी ओळखले गेले. १९४८ साली बर्मिंगहॅम येथील बैठकीत हेन्री बर्ट या शेतकऱ्याने, रेडिओवरील लोकप्रिय साहसमालिकेसारखी एखादी मालिका शेतीवर का नसावी, असे सुचविले. त्यातून 'द आर्चर्स' ही एका शेतकरी कुटुंबाची श्राव्यमालिका निघाली. १ जानेवारी १९५१ पासून ती देशभर ऐकू येऊ लागली आणि आजही चालू आहे. शेतीशिक्षणाचे तिचे अधिकृत उद्दिष्ट १९७२ साली संपले, परंतु तोवर दोन दशके कुटुंबातील भांडणे आणि लग्नकार्ये यांच्या आडून नव्या शेतीची माहिती घरोघर पोचत होती. नाटिकेस मात्र मेहनत पडते. चांगले लिहिणारा गावात नसेल तर ती करू नये. नाटिकेतून भाषण डोकावू लागले की दोन्हींचीही गोडी जाते.

चार तज्ज्ञांना एकत्र बसविण्याचा मोह आवरावा. चेहरे दिसत नसल्यामुळे कोण बोलतो ते तिसऱ्या मिनिटाला कळेनासे होते. दोन आवाज पुरेत. त्यांतील एक स्त्रीचा असेल तर आवाज वेगळे ओळखू येतात; शिवाय निंदणी आणि वेचणीचे काम मुख्यत्वे बायकांच्या हातचे असल्याने त्या विषयांत अनुभवाचे बोल त्यांच्याकडूनच मिळतात.

हवामान व बाजारभाव यांना एकट्याचे तीन मिनिटांचे निवेदन पुरते आणि तारीख सांगितल्याविना ते सुरूच करू नये, कारण मोबाइलवर आठवड्यापूर्वीचे निवेदनही आजचे म्हणून ऐकले जाते. इतर भाग दहा मिनिटांत आटोपावा. साध्या प्रतीच्या मुद्रणात तेवढा भाग सुमारे ५ एमबीत मावतो व नेटवर्क अशक्त असलेल्या गावातही उतरवून घेता येतो.

पहिला भाग तयार झाला की तो गटात पाठविण्यापूर्वी पारावर चार-पाच जणांना ऐकवावा. आवडला काय, असे विचारू नये. गावात कोणी नाही म्हणत नाही. सापळे किती लावाल आणि पतंग किती दिवस मोजाल, एवढेच विचारावे. जो आकडा त्यांना सांगता येणार नाही, तेवढा तुकडा पुन्हा ध्वनिमुद्रित करावा.