ऐतिहासिक पोशाखांचे शिवणकाम

इतिहासातील ठरावीक काळाचा व प्रदेशाचा पोशाख उपलब्ध पुराव्यांच्या आधारे आखून तो स्वतः शिवण्याचा छंद. रंगभूमीवरील पोशाख दुरून पाहण्यासाठी असतो व त्यात झगझगाटाला महत्त्व येते. या छंदात कापडाची जात, बेत आणि टाका ही तिन्ही त्या काळाला धरून असावी, अशी अपेक्षा असते. १९६६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मध्ययुगीन जीवनाचे अनुकरण करणारी हौशी मंडळींची संस्था स्थापन झाली. तेव्हापासून पाश्चात्त्य देशांत या छंदाला संघटित रूप येत गेले. महाराष्ट्रात शिवजयंतीच्या मिरवणुका, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि ऐतिहासिक नाटके यांमुळे अशा पोशाखांची गरज नेहमीच भासते. मात्र बहुधा भाड्याने आणलेल्या साटिनी व मखमली पोशाखांवरच भागविले जाते.

प्रादेशिक पार्श्वभूमी : नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या प्रदेशाचा म्हणून एकच एक ‘जुना पोशाख’ दाखविता येत नाही. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरांच्या शिल्पांत नेसूची वस्त्रे व अलंकार यांचे प्राधान्य दिसते. त्याआधीच्या अजिंठा येथील भित्तिचित्रांत मात्र नेसलेल्या वस्त्रांबरोबर शिवलेले अंगरखेही आढळतात. बहमनी व नंतरच्या दख्खनी सुलतानांच्या काळात आणि पुढे मोगल अमदानीत जामा, अंगरखा, इजार व कमरबंद हा सरदारी वेश रूढ झाला. १७२४ नंतर हा प्रदेश निजामाच्या सत्तेखाली गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हैदराबाद संस्थानातील सुशिक्षित व अधिकारी वर्गात शेरवानी व रुमी टोपी यांचा प्रसार झाला. त्याच वेळी खेडोपाडी धोतर, बंडी, पटका आणि नऊवारी लुगडे-चोळी हा वेश चालूच होता. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग यांचे नांदेड येथे निर्वाण झाले. त्यामुळे तेथे निहंग शिखांच्या निळ्या बाण्याची परंपराही नांदत आली आहे.

नियोजन : ‘शिवकालीन’ किंवा ‘पेशवेकालीन’ एवढ्या वर्णनावर पोशाख आखता येत नाही. वर्ष, स्थळ, व्यक्तीचा दर्जा, प्रसंग आणि ऋतू या पाच गोष्टी प्रथम निश्चित कराव्या लागतात. उदाहरणार्थ, ३ फेब्रुवारी १७६० रोजी संपलेल्या उदगीरच्या लढाईतील मराठा मानकऱ्याचा वेश आखावयाचा आहे, असे समजू. त्यासाठी सतराव्या शतकातील जामा उपयोगी पडत नाही, कारण अठराव्या शतकात दरबारी जाम्याची कंबर वर सरकली होती व घेर घोट्यांपर्यंत उतरला होता. दुसरे असे, की मराठे व निजाम या दोन्ही पक्षांच्या मानकऱ्यांचा वेश मुळात एकाच दख्खनी-मोगल घडणीचा होता. भेद मुख्यतः पागोट्याच्या बांधणीत आणि बंदांच्या बाजूत दिसे; हिंदूंनी बंद डावीकडे व मुसलमानांनी उजवीकडे बांधावयाचे, असा सर्वसाधारण संकेत होता. रंगभूमीवर दोन्ही पक्ष पूर्णपणे वेगळ्या वेशांत दाखविले जातात, त्यामुळे प्रेक्षकाच्या मनात इतिहासाचेही चुकीचे चित्र उमटते. अचूक बेताचे खरे महत्त्व यात आहे.

पुरावे तीन प्रकारचे असतात : समकालीन चित्रे व शिल्पे, दप्तरांतील कापडखरेदीच्या नोंदी, आणि प्रत्यक्ष टिकून राहिलेली वस्त्रे. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि हैदराबादचे सालारजंग संग्रहालय यांत जुनी वस्त्रे पाहावयास मिळतात. डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील इंग्रजी ग्रंथ (१९५१) या विषयाच्या अभ्यासात मूलभूत मानला जातो. इंग्लंडमध्ये जॅनेट आर्नल्ड यांनी संग्रहालयांतील वस्त्रे प्रत्यक्ष मोजून त्यांचे बेत १९६४ पासून प्रसिद्ध केले. कोल्हापूरच्या भानू अथैय्या (१९२९–२०२०) यांना गांधी या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले.

कापड व रंग : सुती मलमल, खादी, हिमरू (सूत व रेशीम यांचे नक्षीदार विणकाम), मश्रू (अंगाकडून सूत व वरून रेशीम) आणि पैठणी ही या प्रदेशाच्या जवळची कापडे होत. नांदेडची तलम मलमल एकेकाळी प्रसिद्ध होती. कृत्रिम धाग्याचे कापड वापरल्यास घोळ नीट पडत नाही. रंगांनाही कालमर्यादा आहे. पहिला कृत्रिम रंग १८५६ मध्ये निघाला व कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आली. त्यापूर्वी नीळ, आल, हळद व कुसुंबा यांवर भिस्त असे. मराठवाड्यात तेलबी म्हणून पेरली जाणारी करडई हीच कुसुंब्याची वनस्पती होय. तिच्या पाकळ्यांतील पिवळा अंश पाण्याने धुऊन काढल्यावर क्षाराच्या साहाय्याने तांबडा रंग सुटतो व आंबट द्रव मिसळल्यावर तो कापडावर बसतो. हा रंग उन्हाने व साबणाने लवकर विटतो.

बेतणी : हातमागाचे कापड कष्टाचे व मोलाचे असल्यामुळे जुन्या शिंप्यांच्या बेतात कापड वाया जात नसे. कापडाच्या पन्ह्यानुसार सरळ तुकडे पाडून त्यांना कळ्या व काखेतील चौकोनी बगला जोडीत. ४५ सेंमी. रुंदीच्या लांबट तुकड्याला एका टोकास डाव्या काठापासून १० सेंमी. व दुसऱ्या टोकास उजव्या काठापासून १० सेंमी. अंतरावर खूण करून तिरकस छेद दिला, तर वर १० व खाली ३५ सेंमी. रुंदीच्या दोन कळ्या मिळतात. अशा चार तुकड्यांच्या आठ कळ्यांची एकूण रुंदी, शिवणीची माया धरून, वर ८० व खाली २८० सेंमी. होते आणि चिंधीही उरत नाही. कळी जोडताना तिची तिरकी कड शेजारच्या तुकड्याच्या सरळ कडेला लावावी. दोन तिरक्या कडा एकत्र आल्यास शिवण ताणली जाऊन घोळ लोंबतो. आधुनिक सदऱ्याच्या बेतावरून अंगरखा बेतल्यास खांदा व काख यांची ठेवण बदलते; मग वर कितीही जर लावली, तरी तो जुना दिसत नाही.

शिवण : कापड प्रथम भिजवून आटवून घ्यावे. मूळ कापडास कात्री लावण्यापूर्वी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून अंगावर पाहावा. आतील वस्त्र आधी तयार करावे, कारण वरच्या वस्त्राचे माप त्यावर अवलंबून असते. व्यवहारोपयोगी शिवणयंत्रे १८५० नंतर प्रचारात आली. त्यामुळे त्यापूर्वीच्या पोशाखास निदान दर्शनी भागी हातशिवण हवी. धावदोरा, बखिया व तुरपाई एवढे टाके बहुतेक कामास पुरतात. बंद, मगजी व अस्तर यांचे काम शेवटी करावे. नवशिक्याने बाराबंदीपासून सुरुवात करणे सोयीचे असते. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत भाविक आजही पांढरी बाराबंदी घालतात, त्यामुळे तिचा बेत प्रत्यक्ष पाहता येतो.

जतन व औचित्य : घरातील पेटीत राहिलेली पैठणी, शेला, शेरवानी किंवा बाळाची कुंची हा या छंदाचा सर्वांत मोलाचा व सर्वांत नाशवंत पुरावा होय. जुन्या जरीत चांदी असल्यामुळे अनेक वस्त्रे ती काढण्यासाठी जाळली गेली. इतर कित्येक नव्या कपड्यांसाठी कापली गेली. असे वस्त्र उसवू नये, कापू नये व अंगावरही घालू नये. ते सपाट पसरून मऊ फितीने मोजावे आणि आतील शिवणी, पन्हा व काठ यांची टिपणे व छायाचित्रे ठेवावीत. निहंगांचा बाणा हा धर्मश्रद्धेचा भाग आहे. हौसेखातर त्याची नक्कल करणे अनुचित ठरते. शिवलेल्या पोशाखासोबत त्याच्या आधारांची वही असावी. कोणता भाग पुराव्याने सिद्ध आहे व कोणता तर्काने भरला आहे, हे तीत वेगळे नोंदविलेले असल्यास तो पोशाख अभ्यासाचे साधनही ठरतो.