तीन सेकंदांचं छप्पर

"एक टाळी वाजवा," मास्तर म्हणाले.

मी पेटी बाकावर ठेवली आणि टाळी दिली. ती वर गेली, लाकडी छपराला लागली, दोन्ही भिंतींवरून फिरली आणि वेदीच्या मागे कुठेतरी विझली. मास्तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. "तीन सेकंद. हे आधी कानात बसवा, मग पेटी उघडा."

मी भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. देवळाच्या मंडपात, पत्र्याखाली, टाळांच्या गजरात वाजवायची सवय. तिथे पेटीचा आवाज पोचवावा लागतो. इथे उलटं होतं. आवाज आपोआप पोचत होता, परत येत होता आणि पुढच्या सुरावर बसत होता. वसईतल्या एका जुन्या चर्चमध्ये नाताळच्या आधीच्या रविवारी 'सर्व भाषांची नाताळगीतं' असा कार्यक्रम होतो. शेजारच्या आळीतल्या एका विद्यार्थिनीमुळे मी त्यात ओढला गेलो, त्याला आता तीन डिसेंबर झाले. चर्चचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एकदोन तक्रारी आहेत.

वसईला 'सर्व भाषा' हे शब्द शोभेचे नाहीत. चर्चच्या अंगणात उभं राहिलं की सामवेदी कानावर पडते, वाडवळी पडते, ईस्ट इंडियन मराठी पडते. प्रार्थना प्रमाण मराठीत. शाळकरी पोरांचं आपसातलं भांडण इंग्रजीत. मुंबई परवडेना म्हणून लोकलच्या मार्गाने इकडे सरकलेली मल्याळी, तमिळ, मंगळुरी, गोवेकर कुटुंबं त्याच धर्मग्रामात. सत्तरीच्या पुढच्या माणसांना लॅटिन मिस्साही आठवते, कारण लोकभाषेतली उपासना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960च्या दशकात सुरू झाली. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीत त्या आजही टांगलेल्या आहेत. आमच्या मंडळाची सहल मेणवलीला गेली तेव्हा मी ती घंटा वाजवून पाहिली होती. ती जिथून गेली तिथेच पेटी वाजवायला जाईन, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पहिली बैठक गाण्याची नसते, कागदाची असते. सगळ्यांनी सगळ्यांची गाणी म्हणायची असा नियम आहे. मल्याळी गटाने आपलं गाऊन खाली बसायचं आणि मग तमिळ गटाने उठायचं, असलं संमेलन मास्तरांना मान्य नाही. मग गाण्यांचा कागद कोणत्या लिपीत काढायचा? गोव्याच्या आंटींची कोकणी रोमन लिपीत, मंगळुरी जोडप्याची तीच कोकणी कन्नड लिपीत. केरळच्या सिस्टरची वही मल्याळममध्ये. इथल्या बायकांना देवनागरी हवी, आणि त्यांच्या नातवंडांना मराठी गाणंसुद्धा रोमनमध्येच हवं. यावर एक काका चिडले, "मराठी काय इंग्रजी अक्षरांत वाचायची?" फादर हसून म्हणाले, "काका, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापलं ते रोमन अक्षरांतच. हे भांडण चारशे वर्षांचं आहे." काका गप्प झाले, पण देवनागरी कागदच घेऊन गेले. शेवटी कागद दोन निघाले. तेवढ्याने भागलं नाही, कारण 'जन्म' आणि 'जागे' एका ओळीत आले तेव्हा सिस्टरने हात वर केला. दोन्हींना एकच 'ज' का लिहिलाय, तुम्ही तर दोन वेगळे म्हणताय? आम्ही सगळे मराठी एकमेकांकडे बघत राहिलो. आयुष्यभर वेगळे उच्चारलेले दोन 'ज' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. मास्तरांनी खडूने दुसऱ्या 'ज'खाली टिंब दिलं आणि पुढे गेले. 'ळ' मात्र सिस्टरचाच सगळ्यांत स्वच्छ. इंग्रजी शाळेतली आमची पोरं 'गोकुल' म्हणतात.

खरा गुंता पाश्चात्त्य चालीवर मराठी शब्द बसवताना होतो. अभंगात चाल शब्दाच्या मागून चालते. लघू अक्षर आलं की सूरही आखूड करता येतो. इथे चाल आधीच ठरलेली, दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या भाषेसाठी. लांब स्वर जिथे असेल तिथे तुमचं अक्षर ताणलं जाणार. जुन्या भाषांतरात 'देवाचा सुत' असं होतं आणि 'सु' नेमका दीड मात्रेच्या सुरावर आला. चाळीस जणांनी मनापासून तो ताणला आणि देवाच्या मुलाचं सूत झालं. पुढच्या ओळीत 'शुभ दिन' होता, त्याचा 'दीन' झाला. वाचताना कुणाला खटकलं नव्हतं. मास्तर निवृत्त मराठी शिक्षक आहेत, त्यांना घाम फुटला. दोन दिवस ते बसस्टॉपवर, भाजीच्या रांगेत ओठ हलवताना दिसत होते. 'सुत' जाऊन 'बाळ' आलं, कारण 'बा' हवा तेवढा ताणा, बाळ बाळच राहतं. 'दिन'च्या जागी 'वेळ' आली. भाषांतर आणखी साधं झालं, जरा गरीबही झालं असेल, पण गाता येऊ लागलं.

शेवटचं गीत 'सायलेंट नाईट' असतं. सहा भाषांत एकेक कडवं, आणि मग शब्दांशिवाय नुसता गुणगुणता सूर. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात 24 डिसेंबर 1818 रोजी ते पहिल्यांदा गायलं गेलं, गिटारच्या साथीवर. चर्चचा ऑर्गन बिघडला होता म्हणून गिटार, अशी कथा सांगतात. चाल सहा मात्रांची. माझ्या तबलजी मित्राला मी मोठ्या विश्वासाने आणलं होतं. सहा मात्रा म्हटल्यावर त्याने दादरा धरला, दुसऱ्या ओळीला लग्गी लावली, आणि बेथलेहेमच्या गोठ्यात अचानक ठुमरीची बैठक बसली. बायका हसल्या. मास्तर हसले नाहीत. "तुमचा ठेका सुंदर आहे," ते म्हणाले, "पण तो वर जाऊन तीन सेकंद राहतो. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा. मला खाली नुसती भजी ऐकू येतात." ठरलं असं की ठेका नाही. समेवर फक्त डग्गा, तोही तळहाताने, आणि पुढच्या पाच मात्रा छपराने भरायच्या. मित्र रुसला. परतीच्या रिक्षात म्हणाला, "एवढ्यासाठी मला कशाला आणलंस?" पुढच्या तालमीला मात्र तो आधी येऊन बसला होता आणि रिकाम्या चर्चमध्ये एकटाच डग्ग्यावर हात मारून ऐकत होता.

पट्टीवरून रुसवे झाले ते वेगळे. गावातल्या बँडमधले दोघं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट घेऊन येतात. त्यांची वाद्यं काळी पाचला सुखात असतात, आणि छापील पुस्तकांतही हे गीत बहुधा त्याच पट्टीत सापडतं. पण चाल 'सा'पासून तार मध्यमापर्यंत जाते. तिथे पोचताना बायकांचे गळे आवळतात आणि पुरुष गुपचूप खालच्या सप्तकात उतरतात. मी काळी चार सुचवली. क्लॅरिनेटवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला उलट्या सायकलवर बसायला सांगितलं होतं. त्यात कीबोर्डवाला मुलगा म्हणाला, माझं काय, बटण दाबलं की कुठलीही पट्टी. शेवटी पांढरी चारवर तडजोड झाली. बँडवाल्यांना बरी, बायकांना थोडी खाली. माझी जुनी पेटी कीबोर्डपेक्षा केसभर चढी निघाली, ते वेगळंच. दोन्ही एकत्र वाजलं की सूर थरथरायचा आणि छप्पर ती थरथर नीट जपून परत द्यायचं. मी स्वर पुन्हा लावून घेतले, खर्च माझा. याच मुलाने एकदा मला विचारलं, अंकल, तुमचं हे इंडियन इन्स्ट्रुमेंट किती जुनं? फ्रान्समध्ये जन्मलेली, मिशनऱ्यांबरोबर इकडे आलेली आणि मग आमच्या भजनात ठाण मांडून बसलेली पेटी. त्याला काय सांगणार!

ईस्ट इंडियन गाण्याला घुमट लागतं. मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असे. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं, आता बकरीचं लावतात. घुमटवाले काका सत्तरीचे, जुना आवाज त्यांच्या कानात अजून आहे. "घोरपडीचं बोलायचं, हे नुसतं हो हो म्हणतं," ते म्हणतात. डिसेंबरच्या संध्याकाळी खाडीवरून ओल येते आणि कातडं सैल पडतं. म्हणून तालमीच्या आधी अर्धा तास ते अंगणात कागद पेटवून घुमट शेकत बसतात, मधून बोटाने टिचकी मारून कान लावतात. पोरं त्यांच्याभोवती जमतात, गाण्यासाठी नव्हे, शेकोटीसाठी. चहाबरोबर कुणीतरी सुकेळी आणतं, मंगळुरी बाईंच्या डब्यात कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, असतो, आणि तालीम वीस मिनिटं उशिरा सुरू होते. दरवर्षी.

उभं कुठे राहायचं, हाही प्रश्न साधा नाही. मला वाटलं होतं वेदी म्हणजे तयार रंगमंच. फादरनी समजावलं. चर्चमधल्या मैफिलींबद्दल रोमचं 1987 सालचं पत्रक आहे. प्रवेशाला पैसे घ्यायचे नाहीत, संगीत धार्मिकच हवं, गायकांनी वेदीच्या जागेत उभं राहायचं नाही, आणि मंजुषेतला पवित्र प्रसाद शक्यतो बाजूला हलवायचा. म्हणून आम्ही पायऱ्यांच्या खाली, लोकांच्या इतके जवळ की पहिल्या बाकावरच्या आजींचा खोकला आलापात मिसळतो. पहिल्या वर्षी एका उत्साही समितीने वेदीपुढे फुलांची आणि थर्माकोलची एवढी कमान उभारली होती की मागच्या रांगेतले पुरुष दिसलेच नाहीत, आणि त्यांचा आवाजही थर्माकोलने खाल्ला. त्याबद्दल तक्रार केली तर फोटो किती छान आलेत ते दाखवण्यात आलं.

तिसऱ्या वर्षीच्या शेवटच्या तालमीला लाईट गेली. कीबोर्ड मेला, माईक मेले, आणि डोक्यावरचे पंखे हळूहळू थांबले. पेटी होती म्हणून आम्ही चालू ठेवलं. दोन ओळी झाल्या आणि मास्तरांनी हात वर केला. शेवटचा 'म' अजून वर होता. आत्तापर्यंत तो आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता. पंख्यांची घरघर प्रत्येक ओळीचं शेपूट खात होती. प्रत्येक भाषेचं शेपूट वेगळं होतं. कोकणी ओळ नाकातल्या स्वरावर संपते, ती तरंगत राहते. मल्याळम शेवटच्या सुरावर तीन अक्षरं घाईने कोंबते आणि मग एकदम पडते. मराठीतला शेवटचा 'त' चाळीस तोंडांतून चाळीस वेळा सुटत होता, पत्र्यावर पडलेल्या पावसासारखा. मास्तरांनी सांगितलं, तो 'त' फक्त पहिल्या रांगेने म्हणायचा, बाकीच्यांनी आधीच्या स्वरावर तोंड मिटायचं. आणि दर दोन कडव्यांमध्ये तीन सेकंद थांबायचं. मराठी पूर्ण विझल्याशिवाय सामवेदी सुरू करायची नाही, सामवेदी विझल्याशिवाय कोकणी नाही. मेणबत्त्या लावून आम्ही तासभर हे थांबणंच घोटलं. गाण्यापेक्षा ते अवघड गेलं. मल्याळी तरुणांना तीन सेकंद म्हणजे जन्म वाटत होता.

कार्यक्रमाच्या रात्री पंखे बंद ठेवायचं ठरलं. कुणी कुरकुर केली नाही, हवा गार होती. दहाच्या आत सगळं संपवायचं, कारण त्यानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. फादर बाजूच्या दारात घड्याळ हातात धरून उभे. बाकं भरली, कडेला खुर्च्या टाकल्या, त्याही भरल्या. आमच्या भजनी मंडळातले पाचजण टोप्या सारून मागे बसले होते. घुमट झालं, तमिळ गीत झालं, लहान मुलांचं झालं, त्यात एक देवदूत रडला. शेवटच्या गीताचं मराठी कडवं संपलं. पहिल्या रांगेने 'त' टाकला. आम्ही थांबलो. एक, आणि दुसरा सेकंद पुरा व्हायच्या आत आवाज संपलेला होता. मास्तरांचा हात हवेतच. एवढ्या माणसांनी, त्यांच्या साड्यांनी, स्वेटरांनी, मांडीवरच्या झोपलेल्या पोरांनी छपराची घुम पिऊन टाकली होती. उरलेला दीड सेकंद चर्चमध्ये खरोखर काहीच नव्हतं. मला वाटलं कुणीतरी चुकून टाळ्या वाजवणार. कुणी वाजवल्या नाहीत. मास्तरांनी हिशेब बदलला नाही, तीन म्हणजे तीन, आणि मग सामवेदी आत आली.

पावणेदहाला सगळं आवरलं. लोक अंगणात केक खात होते, घुमटवाले काका घुमट धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळत होते. मी पेटीचा भाता मिटत आत बसलो होतो. सेवेकरी मुलगा खुर्च्या घडी घालून रचत होता, त्याच्या हातून एक निसटली आणि फरशीवर आपटली. आवाज वर गेला, फिरला, वेदीच्या मागे जाऊन विझला. दारातून आत डोकावलेल्या मास्तरांनी मनगटाकडे पाहिलं आणि मला तीन बोटं दाखवली.