तीन कुळांचे संगणक, एकच घर

आमच्या घरात तीन संगणक आहेत आणि तिघांची कुळे वेगळी. वडिलांच्या संगणकावर विंडोज, ताईचा मॅक आणि माझ्या वाट्याला आलेल्या जुन्या यंत्रावर लिनक्स. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी ध्वनिमुद्रित करून याच जुन्या यंत्रात ठेवल्या होत्या. त्याची हार्ड डिस्क कुरकुरू लागली, तेव्हा ओव्या दुसरीकडे हलविणे निकडीचे झाले. पण ही परकी यंत्रे एकमेकांशी बोलणार कशी?

याचे उत्तर भाषेच्या विद्यार्थ्याला सहज पटेल. बोलणाऱ्यांची मातृभाषा एक असावी लागत नाही. व्यवहाराची भाषा ठरलेली असली की पुरे. संगणकांच्या जगात अशा ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये निरनिराळ्या बेटांवरील केंद्रे रेडिओलहरींनी संगणकाशी जोडली. पुढे १९९७ मध्ये ८०२.११ या नावाने बिनतारी जाळ्याचे नियम ठरले. आजचे वाय-फाय त्यांवरच उभे आहे. हे नियम पाळणाऱ्या यंत्राचे कूळ राउटर विचारीत नाही. तो प्रत्येकाला एक पत्ता देतो आणि त्या पत्त्यावर निरोप पोहोचवितो.

राउटर मी प्रथम लोखंडी कपाटामागे ठेवला, ही पहिली चूक. धातू आणि जाड भिंती लहरींना अडवितात. म्हणून तो घराच्या मध्यभागी, उंचावर हवा. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर दूर पोहोचते, पण त्या पट्ट्यात गर्दी फार. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतींपुढे लवकर थकते. परवलीचा शब्द लांब असावा आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावा. जुना डब्ल्यूईपी म्हणजे किल्ली दारातच लावून ठेवलेले कुलूप.

आता फाइलींची देवघेव. विंडोजची त्यासाठीची रीत एसएमबी. मॅकलाही ती येते. लिनक्ससाठी ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेली ‘सांबा’ ही प्रणाली आहे. एसएमबी या तीन अक्षरांत स्वर भरूनच हे नाव झाले! मी सांबा बसविले, ओव्यांचा फोल्डर खुला केला आणि त्याला स्वतंत्र परवलीचा शब्द दिला. वडिलांच्या संगणकावर फोल्डर उघडला. ताईला मात्र तो दिसेना. तासाभराने कळले की ताई पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या जाळ्यावर होती. तेथे इंटरनेट मिळते, पण माजघरात प्रवेश नसतो. ती घरच्या जाळ्यावर आली आणि काम झाले.

एक अडचण तरीही उरली. ओव्यांचे शब्द मी पूर्वी एका जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलिखित केले होते. ताईकडे तो फाँट नसल्याने तिच्या पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटली. जाळे निरोप पोहोचविते, त्याचे भाषांतर करीत नाही! आता ते सारे शब्द मी युनिकोडमध्ये पुन्हा लिहीत आहे. आजीचा आवाज मात्र तिन्ही यंत्रांवर सारखाच ऐकू येतो.