दाभोसाला गाडी लावताना

जव्हारजवळच्या दाभोसा धबधब्याला जायचं तर गाडी वर ठेवून खाली उतरावं लागतं. पावसाळ्यात पाण्याच्या गर्जनेत गाडीचा भोंगा ऐकू येणं अवघडच. म्हणून कुठलं यंत्र काय राखतं, ते माहीत हवं.

रिमोटने कुलूप लावलं की अलार्म जागा होतो. दार उघडलं की तिथला स्विच संकेत देतो, भोंगा वाजतो, इंडिकेटर लुकलुकतात. धक्का ओळखणारा सेन्सर मात्र सगळ्या गाड्यांत नसतो. तो नसेल, तर काच फोडून बॅग उचलली तरी अलार्म गप्प राहू शकतो. बॅग डिकीतच ठेवा.

गाडी पळवली जाऊ नये यासाठी खरा भरवसा इमोबिलायझरचा. किल्लीच्या मुठीत बिनबॅटरीची चिप असते. किल्लीच्या खाचेभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते, चिप आपला संकेत कळवते आणि तो जुळला तरच इंजिनाचा संगणक इंजिन चालू ठेवतो. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं आहे. रिमोटचा सेल संपला तरी या चिपमुळे गाडी सुरू होते. तेव्हा दार किल्लीने उघडल्यावर भोंगा वाजलाच, तर घाबरू नका. बहुतेक गाड्यांत किल्ली लावून फिरवली की तो थांबतो.