चहावाल्यांचा संगणक

नव्या प्रणालीत माहिती भरल्यावर तीच पुन्हा रजिस्टरमध्ये का उतरवायची, असं नोकरदार वाचक नेहमी विचारतात. त्यात सध्या 'एआय आलं की कागद गेलाच' म्हणणाऱ्यांचा सुकाळ आहे. त्यांना लायन्स कंपनीची गोष्ट सांगायला हवी.

जे. लायन्स ही लंडनची चहा-केकवाली कंपनी. धंदा चिल्लरीचा, बिलं बेसुमार, म्हणून कारकुनांची फौज. १९४७ साली तिचे दोन अधिकारी कार्यालयीन कामाच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेला गेले. तिथे संगणकतज्ज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांच्याकडून त्यांना कळलं, की संगणक नावाचं यंत्र तुमच्याच केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स बांधताहेत! (काखेत कळसा म्हणतात तो हाच.) लायन्सने विल्क्सना ३,००० पौंड दिले आणि त्यांच्या एडसॅक या यंत्राच्या धर्तीवर स्वतःचा संगणक उभारला. त्याचं नाव लिओ. नोव्हेंबर १९५१मध्ये बेकरीचे हिशेब करत तो रोजच्या कामाला लागला. पुढे पगारपत्रकंही त्याच्याकडे आली. एका माणसाच्या पगाराला कारकुनाला ८ मिनिटं लागत, लिओला दीड सेकंद.

लिओची गोष्ट सांगणारे या दीड सेकंदावरच थांबतात. खरी गंमत आहे १९५४ मधली. लायन्सच्या चहाच्या दुकानांना रोज काय किती माल हवा, हे काम तेव्हा लिओकडे आलं. प्रत्येक दुकानाची वारानुसार मागणी आधीच ठरवून ठेवली होती. व्यवस्थापिकेने फोनवर फक्त बदल सांगायचा. आपण दुधाचा रतीब लावतो आणि पाहुणे आले तरच जास्तीची पिशवी सांगतो, तसंच हे. फोन घेणारी मुलगी ऐकता ऐकताच तो बदल कार्डावर छिद्रं पाडून नोंदवायची. मध्ये वही नाही, नक्कल नाही. त्याच नोंदींतून मालाच्या आणि पॅकिंगच्या याद्या निघत.

या युक्तीचं श्रेय यंत्राला देऊ नका. ते डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. कॅमिनर १९३६ साली लायन्समध्ये शिकाऊ म्हणून लागले, युद्धात ट्युनिशियात पाय गमावून परतले आणि कंपनीच्या पद्धती-संशोधन विभागात रमले. जॉन सिमन्स यांनी हा विभाग १९३०च्या दशकातच सुरू केला होता. म्हणजे संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ही मंडळी एकेक तक्ता हातात घेऊन विचारत होती, हा वाचतं कोण? आपल्याकडे बहुतेकदा जुना तक्ता जसाच्या तसा पडद्यावर चढतो आणि सहीसाठी रजिस्टरही राहतं. दुप्पट कामाचं मूळ तिथे आहे, सॉफ्टवेअर कितीही महागडं असो.

यंत्र बांधणाऱ्या विल्क्सना संगणकशास्त्रातला १९६७चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, रास्तच मिळाला. कॅमिनरना मात्र १९८०मध्ये ब्रिटिश सरकारने 'ओबीई' हा किताब दिला, तोही लिओसाठी नव्हे, तर लक्झेम्बर्गमध्ये केलेल्या ब्रिटिश व्यापाराच्या सेवेबद्दल.