पोलीस पाटील : ठाणे आणि पांढरी यांच्यामधला माणूस

माझे थोरले मामा सत्तावीस वर्षे पोलीस पाटील होते. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातले साताठशे उंबऱ्यांचे गाव. १९६९ साली ते नेमले गेले आणि साठी पूर्ण झाल्यावर, १९९६ मध्ये, मोकळे झाले. दप्तरातल्या पक्क्या वह्या त्यांनी नव्या पाटलाच्या स्वाधीन केल्या. मात्र त्यांच्या स्वतःच्या कच्च्या वह्या, लाल फडक्यात बांधलेल्या अकरा, माळ्यावरच राहिल्या. मामा गेल्यानंतर मामींनी ते गाठोडे माझ्या हातात ठेवले. “तूच वाच, तुला कागदांचा नाद आहे,” एवढेच म्हणाल्या.

त्या वह्या वाचताना माझ्या लक्षात आले की ज्या पदाचा उल्लेख लहानपणापासून रोज ऐकला, त्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. मामा पोलीस होते की नव्हते? गणवेश नाही, पट्टा नाही, बंदूक नाही. तरी रात्री-अपरात्री दार वाजले की घरात पहिला कंदील त्यांचा लागायचा. राज्याच्या पोलीस दलावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण ते बहुधा शहरातल्या पोलिसांवर किंवा आयुक्त-अधीक्षकांवर. एका ठाण्याच्या हद्दीत अनेकदा पन्नासेक गावे येतात आणि माणसे मोजकी असतात. त्या गावांपर्यंत ठाण्याचा हात पोचतो तो या एका माणसामुळे. म्हणून या पदाचा माग काढायचे ठरवले.

माग ज्या शिवेवर थांबतो

‘माग’ हा शब्द मुद्दाम वापरला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, त्याने जिंकलेल्या मुलखाविषयी एक सविस्तर अहवाल लिहिला. त्यात गावच्या बंदोबस्ताचे वर्णन आहे. गावाची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली कुलकर्णी, चौगुला आणि राखणदार. चोरी झाली की राखणदाराने चोराच्या पावलांचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग पुढची जबाबदारी त्या गावची. माग जिथे हरवला, त्या गावाने चोरीची भरपाई करून द्यायची, असा रिवाज होता.

या व्यवस्थेत चोर सापडला नाही तरी कोणीतरी उत्तरदायी असे, हे तिचे वैशिष्ट्य. पण ही राखण प्रत्यक्षात कोण करत होते, हे विसरून चालणार नाही. मान पाटलाचा होता, पाय मात्र महारांचे, रामोश्यांचे, भिल्लांचे झिजत होते. शिवेचे वाद सोडवताना साक्ष महाराची, रात्रीची गस्त रामोश्याची, आणि गावात त्यांची घरे मात्र वेशीबाहेर. इंग्रजी अमलात जुनी राखणीची हक्कदारी बुडाली तेव्हा पुरंदरच्या रामोश्यांनी उठाव केला. उमाजी नाईकांना १८३२ मध्ये पुण्यात फाशी झाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रखवाली केली, त्यांच्यातल्याच अनेकांवर पुढे ‘गुन्हेगार’ असा शिक्का बसला.

एका वर्षातले दोन कायदे

मुंबई इलाख्यात १८६७ साली लागोपाठ दोन कायदे झाले. त्या वर्षीचा सातवा कायदा जिल्हा पोलिसांचा आणि आठवा गावपोलिसांचा. पहिल्याने पगारी, कवायती, वरून खाली हुकूम चालणारे दल उभे केले. दुसऱ्याने गावातला जुना पाटील कायद्याच्या चौकटीत बसवला. किरकोळ मारहाण किंवा शिवीगाळ झाली तर पाटलाला माणूस चोवीस तासांपर्यंत चावडीत अडकवून ठेवता येई. म्हणजे पोलीस, पंच आणि छोटा न्यायाधीश हे तिन्ही अधिकार एकाच माणसाकडे होते, आणि तो माणूस जन्माने ठरत होता. १८७४ च्या वतन कायद्याने हे वंशपरंपरेचे हक्क कागदावर आणखी पक्के केले.

त्याच कायद्याखाली महार वतनदार दिवसाचे चोवीस तास सरकारचे आणि गावाचे बांधील राहिले. मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन आणि दारोदार मागायचे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात हा कायदा दुरुस्त करण्यासाठी विधेयक मांडले, ते याच बांधिलकीविरुद्ध. स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. राहता राहिला तो पोलीस पाटील. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने त्याची वंशपरंपरा तोडली. पद राहिले, वतन गेले.

नेमतो कोण, राबवतो कोण

या अधिनियमातली सर्वांत लक्षणीय गोष्ट ही की पोलीस पाटलाला पोलीस खाते नेमत नाही. नेमणूक महसूल खात्याची, व्यवहारात प्रांताधिकाऱ्याची. माणूस त्या गावचा रहिवासी हवा, वय पंचवीस ते पंचेचाळीस, आता शिक्षण किमान दहावी. लेखी परीक्षा होते, मुलाखत होते, जागा प्रवर्गानुसार आरक्षित असतात आणि त्यांत स्त्रियांसाठीही असतात. नेमणूक पाच वर्षांची, नूतनीकरण साठीपर्यंत. शेती किंवा गावातला छोटा धंदा करता येतो, कारण हे पूर्णवेळ नोकरीचे पद नाही. पगार नाही, मानधन आहे. मामांच्या काळात ते तालुक्याला जायच्या-यायच्या खर्चालाही पुरत नसे. २०२४ मध्ये ते दरमहा पंधरा हजार रुपये करण्याचा निर्णय झाला.

कर्तव्यांची यादी वाचताना मी एका ठिकाणी थांबले. गुन्ह्यांची खबर देणे, शांतताभंगाची कुणकुण ठाण्याला कळवणे, गुन्हा घडू न देणे, पोलिसांना मदत करणे हे अपेक्षितच. पण त्याच यादीत गावाच्या आरोग्याविषयी आणि एकूण स्थितीविषयी वरिष्ठांना वेळोवेळी माहिती देणे हेही आहे. म्हणजे कायद्याने पाटलाला केवळ चोरांवर नजर ठेवायला सांगितलेले नाही. गाव कसे आहे, हे सांगायला बसवले आहे.

मामांच्या वह्या तशाच आहेत. १९७२ च्या दुष्काळातल्या नोंदी पाहा. ‘वरच्या आळीतली तीन कुटुंबे बिऱ्हाड मोडून गेली.’ ‘रोजगार हमीच्या कामावर मुकादमाशी बाचाबाची, समजूत घातली.’ ‘मेंढपाळांचा वाडा ओढ्याला उतरला, नावे घेतली, त्रास नाही.’ ‘पिसाळलेले कुत्रे, दोघांना चावले, तालुक्याला धाडले.’ अकरा वह्यांत पोलिसी अर्थाने गुन्हा म्हणता येईल अशा नोंदी मी मोजल्या, त्या चाळीसही भरल्या नाहीत. बाकी सगळे बांध, पाणी, वाटा, भाऊबंदकी आणि यात्रेचा मान. त्यातले बहुतेक तंटे ठाण्याची पायरी चढलेच नाहीत. पुढे १५ ऑगस्ट २००७ पासून तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिच्यामागची कल्पना हीच होती : तंटा गावात मिटला तर कोर्टाचा आणि ठाण्याचा भार हलका होतो, आणि गावही दुभंगत नाही.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर हा लेख गोड झाला असता. पण सातवी वही तसे करू देत नाही.

सातवी वही

१९८१ चा मे महिना. नोंद तीन ओळींची आहे. गावातली एक तरुण सून विहिरीत मयत सापडली. पंचांसमक्ष पाहणी केली. पाणी शेंदताना पाय घसरून. खाली पंचांच्या सह्या आणि एक अंगठा.

अनैसर्गिक मृत्यू झाला की पाटलाने गावातले दोन किंवा अधिक समजदार लोक बोलवावेत, प्रेत पाहावे, मृत्यूचे कारण नोंदवावे आणि ठाण्याला कळवावे, अशी तरतूद आहे. मामांनी ते अक्षरशः केले. हवालदार दुसऱ्या दिवशी दुपारी आले. त्यांनी पाटलाच्या अहवालावर आपला पंचनामा केला. संशय नाही म्हणून शवविच्छेदन नाही. संध्याकाळी दहन झाले.

ही गोष्ट मी कॉलेजात असताना मामींकडून अर्धीमुर्धी ऐकली होती. एका उन्हाळ्यात धीर करून मामांना विचारले, “मामा, ती खरंच पाय घसरून पडली होती का?”

ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “पोरी, पंच कोण होते ते बघितलंस का? घर भावकीतलं. समजदार म्हणजे गावात कोण? ज्यांचा शब्द चालतो ते. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. तिच्या माहेरचं माणूस दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचलं.”

“तुम्हाला काय वाटलं होतं?”

“विहिरीला रहाट होता. पण मी पाटील होतो, तसाच त्या घरचा चुलताही होतो.”

यापुढे ते बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही. रहाट असलेल्या विहिरीत पाणी शेंदताना पाय घसरत नाही असे नाही. काय घडले ते मला आजही ठाऊक नाही, आणि आता कळण्याची वाटही नाही. पण ते कळण्याची वाट ज्या दिवशी होती, त्या दिवशी ती बंद झाली ती कायदा मोडून नव्हे, कायदा पाळून. यावर मी अनेक वर्षे विचार केला आहे.

दोनच वर्षांनी, १९८३ मध्ये, देशाचा कायदा बदलला. हुंडाबळींविरुद्ध स्त्री संघटनांनी केलेल्या आंदोलनांनंतर भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्येही दुरुस्ती झाली. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर शवविच्छेदन करायचे; नातेवाइकांनी मागणी केली तरीही करायचे. अशा मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून करून घेण्याचीही सोय झाली. १९८६ मध्ये हुंडाबळीचे ३०४ ब हे वेगळे कलम आले. कायदे घडवणाऱ्यांना माझ्या मामांच्या गावाचे नावही ठाऊक नसेल. पण त्यांनी जे ओळखले ते असे : काही मृत्यूंच्या बाबतीत गावाची साक्ष पुरेशी नसते, कारण गाव हाच एक पक्ष असतो.

मधल्या माणसाची किंमत

पाटील प्रबळांच्या बाजूचा असला की काय होते, ते सातव्या वहीत आहे. तो प्रबळांच्या बाजूचा नसला की काय होते, याचे उदाहरण २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात दिसले. शेजारच्या गावच्या दलित पोलीस पाटलाला सप्टेंबरच्या सुरुवातीला खैरलांजीतल्या काही जणांनी मारहाण केली. त्या प्रकरणात भोतमांगे कुटुंबातल्या मायलेकी साक्षीदार होत्या. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी त्या कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पद कायद्याने खुले झाले म्हणून गावाच्या मनातली पाटीलकी खुली झाली, असे होत नाही. आणि गडचिरोलीत तर खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी कित्येक पोलीस पाटलांना ठार केले. तिथे ठाण्याला माहिती देणे या साध्या कर्तव्याची किंमत जीव ही आहे.

ही सगळी टोके एकाच गोष्टीपाशी येतात. पोलीस पाटलाचे बळ हे की तो गावातच राहतो. कोण कुठे गेला, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोणता बांध यंदा सरकला, हे त्याला विचारावे लागत नाही. आणि त्याची अडचणही हीच की तो गावातच राहतो. संध्याकाळी त्याला त्याच पारावर बसायचे असते, लेकीचे लग्न त्याच लोकांत करायचे असते. बदली होणारा हवालदार हे ओझे तीन वर्षांनी मागे टाकतो. पाटील ते तिरडीपर्यंत नेतो.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचा बंदोबस्त. पण गावात सज्जन आणि खल यांच्या आळ्या वेगळ्या नसतात. कधी कधी ते एकाच घरात राहतात. तिथे निवाडा जवळच्या माणसावर सोडता येत नाही, आणि जवळच्या माणसावाचून ठाण्याला काही कळतही नाही. म्हणून पाटलाने सांगावे आणि ते दुसऱ्या कोणीतरी तपासावे, एवढाच सुरक्षित मार्ग उरतो. ११२ या क्रमांकावर आता कोणालाही थेट मदत मागता येते, आणि काही गावांत पोलीस पाटील म्हणून स्त्रिया काम करतात. १९८१ च्या त्या दिवशी यांतले काही असते तर, असा विचार मनात येतोच.

मामांच्या सातव्या वहीत त्या नोंदीच्या समोरचे पान कोरे आहे. बाकी अकराही वह्यांत त्यांनी एकही पान कोरे सोडलेले नाही. कागदाची त्यांना फार काटकसर. ते पान कशासाठी ठेवले होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. गाठोडे मी पुन्हा लाल फडक्यात बांधून ठेवले आहे. ते पान मीही कोरेच ठेवले आहे.